मामाची मांडी

टॉमीचा पहिला फटका बसला तेव्हा अंगदच्या मुठीत भुजंगाची कॉलर होती, आणि ती कॉलर अंगदनंच शिवलेली होती.

लग्नातला सफारी तो. थोरल्या बहिणीच्या लग्नात अंगदनं दाजींना स्वतःच्या हातानं शिवून दिलेला. कॉलरीत आतून दुहेरी कॅनव्हास घातला होता, कारण नवऱ्या मुलाची मान जाड होती आणि ती चारचौघांत ताठ दिसावी अशी मुलीकडच्यांची हौस होती. आता खाली कोसळताना अंगदनं सगळा भार त्या कॉलरीवर टाकला. एक टाका उसवला नाही. पुढं महिनोन् महिने खाटेवर पडून राहावं लागलं तेव्हा या गोष्टीचा त्याला जरासा अभिमानही वाटला. त्या क्षणी मात्र अभिमानाला सवड नव्हती. दुसरा फटका त्याच जागी बसला आणि मांडीतून वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला.

टॉमी म्हणजे जीपच्या चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा. भुजंग तो ड्रायव्हरच्या सीटखाली हाताशी ठेवायचा. चाकासाठी तो वर्षातून एकदोनदाच लागत असेल.

हे घडलं भोकरदनच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीसमोर, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता. स्थळ आणि वेळ कोर्टाच्या हुकमात लिहिलेली होती. आई जालन्याला, बाप पिंपळगाव रेणुकाईला, आणि भोकरदन दोघांच्या मधे, म्हणजे तक्रारीला जागा नको. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आईनं पोरगी इथं आणायची, बापानं घेऊन जायची आणि संध्याकाळी सहाला इथंच परत द्यायची. हुकूम होऊन वर्ष झालं होतं. दोन्ही घरं कायद्याला इतकी धरून वागणारी, की मारामाऱ्यासुद्धा फक्त दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी व्हायच्या.

दिवाळीच्या सुमाराला अंगदनं पोरीच्या स्टीलच्या डब्यानं भुजंगाची भुवई फोडली होती. भुवईला तीन टाके पडले आणि डब्याला पोचा आला. त्याच डब्यात पोरगी अजून बालवाडीत पोळी न्यायची. संक्रांतीनंतर भुजंगानं अंगदचं डोकं रसवंतीच्या खांबावर आपटलं. साखरपुड्याला आले नव्हते इतके पाव्हणे दोन्हीकडून या रविवारी जमायचे आणि चहा पिऊन, एकमेकांचे शर्ट फाडून आपापल्या गाडीनं परत जायचे. हा रविवार आषाढातला होता. पाव्हणे पेरणीत गुंतलेले. म्हणून अंगदकडून अंगद आणि त्याची बहीण मीना, आणि समोरून एकटा भुजंग. कमी माणसांत काम जास्त झालं.

भांडणाचं कारण पोरीच्या कपाळावर होतं.

गंधाली चार वर्षांची. जन्मल्यापासून तिच्या केसांना कात्री लागली नव्हती, कारण जावळ काढायचं राहिलं होतं. तिच्या आजीनं, गोजरबाईनं, ते रेणुकाईला बोललेलं होतं. तिसऱ्या वर्षी काढायचं नक्कीही झालं होतं. पण त्याआधी पंधरा दिवस भुजंगानं मीनाच्या तोंडावर पितळी तांब्या हाणला. भाजीत मीठ जास्त झालं होतं की कमी, यावर पुढं कोर्टात दोन मतं पडली. मीनाचे दोन दात अंगणात पडले. तिनं ते शोधून पदरात बांधले, पोरीला काखोटीला मारलं आणि जालन्याला मस्तगडावर भावाच्या घरी आली. दात कागदांबरोबर जोडता येतील का असं तिनं वकिलाला विचारलं होतं. वकील म्हणाला, गरज नाही, डॉक्टरचा दाखला पुरे. दात अजून घरात कुठंतरी आहेत.

तर जावळ तसंच राहिलं आणि केस वाढत गेले. पुढचे केस डोळ्यांवर यायचे. चिमटा लावला तर पोरगी दहा मिनिटांत हरवायची. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, ही वाकडी मान करून एका डोळ्यानं बघते, पुढं चष्म्याचा नंबर लागेल. आणि एका दुपारी, शाळेच्या गणवेशांची घाई चाललेली असताना, गंधाली मशीनजवळ येऊन उभी राहिली, तोंडावर केसांचा पडदा. अंगदच्या हातात कात्री होतीच. कपडे शिवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर काही लोंबतं राहिलेलं सोसत नाही. त्यानं दोन बोटं केस कापले, एका रेषेत, एक केस इकडं-तिकडं नाही.

गंधालीनं डोळे मिचकावले आणि त्याच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मामा, तू केवढा मोठा हायेस."

कापलेलं काही फेकायचं नाही ही दुकानातली सवय. अंगदनं ते केस बटणांच्या रिकाम्या डबीत टाकले आणि पुढचा गणवेश घेतला. आपण काय केलं हे त्याला कळलं ते थेट रविवारी, चौकशीच्या खिडकीसमोर.

भुजंगानं पोरीचं कपाळ बघितलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मग अगदी हळू विचारलं, "जावळाला कात्री कोनी लावली?"

"मी," अंगद म्हणाला. "डोळ्यात जाऊन राह्यलते केस."

भुजंग वळला. जीपकडं गेला आणि परत आला.

पुढचं वर आलेलंच आहे. मीनानं फरशीचा तुकडा उचलून नवऱ्याच्या पाठीत घातला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. तो मोजून फटके मारत होता आणि त्याला मधे थांबायचं नव्हतं. लाउडस्पीकरवरून राजूरमार्गे जालन्याची गाडी लागल्याचं सांगण्यात आलं आणि बघणाऱ्यांतले निम्मे लोक नाइलाजानं तिकडं गेले. चार फटक्यांनंतर भुजंग थांबला. त्यानं टॉमी फडक्यानं पुसली, सीटखाली ठेवली आणि पोरीचा हात धरला. रविवार त्याचा होता. मीना भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, तिला दोन्हीकडं जाता येईना. गंधालीनं पोचा आलेला डबा पोटाशी धरला आणि नेहमीसारखी जीपमधे चढून बसली.

संध्याकाळी बरोबर सहाला भुजंग पोरगी परत द्यायला आला. पोलिसांनी त्याला तिथंच धरलं. वेळेवर आला म्हणून सापडला. पुढं जामीन झाला, आणि त्याच्यातर्फे कोर्टात लेखी दिलं गेलं की सदर इसम जीपच्या पायरीवरून स्वतः घसरून पडला.

अंगदच्या मांडीत सळई बसवली. हाड जुळलं, पण गुडघा वळायचा विसरला. उजवा पाय कायमचा समोर ताठ, लाकडी गजासारखा. कुबडीवर तो दुकानात जायला लागला. पायमशीन डाव्या पायानं मारायला शिकला, आणि पहिले दोन महिने त्यानं शिवलेल्या शर्टांच्या बाह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. गिऱ्हाइकं भली. कोणी बोललं नाही, फक्त पुन्हा आलं नाही.

खाटेवर पडल्या पडल्या त्यानं एक गोष्ट मात्र नीट बेतली. त्याच्याकडं दहा इंची कात्री होती, जड, जुन्या पोलादाची, सुटिंगचे चार थर एका वेळी कापणारी. आणि भुजंगाचं माप त्याला तोंडपाठ होतं. छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस, खांदा एकोणीस. सफारीचं वरून तिसरं बटण. त्याच्या डावीकडं दोन बोटं. बरगड्या तिथं सरकून जागा देतात. बटण त्यानं स्वतः लावलेलं होतं, त्यामुळं जागेबद्दल शंका नव्हती. भुजंग कोर्टाच्या आणि पोरीच्या कामाला नेहमी तोच सफारी घालायचा. तेवढा एकच कपडा त्याला समारंभाचा वाटायचा. रोज रात्री झोपण्याआधी अंगद ते बटण डोळ्यांसमोर आणायचा. काही लोक जप करतात तसं.

हिवाळ्यात भुजंगानं दुसरा अर्ज टाकला. पोरगी कायमची बापाच्या ताब्यात द्यावी, कारण आईकडचे लोक तिच्या जावळाला कात्री लावतात, देवधर्म पाळत नाहीत आणि मामा भांडखोर आहे. मीना एका बियाणं कंपनीत निवडाईच्या कामाला जायची. अर्जाचा कागद आला त्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना. ती दर सुनावणीला रजा घ्यायची आणि परत येताना दरवेळी थोडी बारीक होऊन यायची. गंधाली गेली तर काय, हा प्रश्न घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण तो ताटाताटांतून फिरत होता.

कोर्टानं प्रकरण मध्यस्थीकडं पाठवलं. जालन्याच्या कोर्टाच्या आवारात एक खोली, गोल टेबल, पंखा, आणि मध्यस्थ म्हणून विमलबाई नावाच्या पिकल्या केसांच्या वकील. फाल्गुनातली दुपार. एका बाजूला भुजंग आणि गोजरबाई, दुसऱ्या बाजूला मीना आणि अंगद. अंगदचा पाय एका वेगळ्या खुर्चीवर समोर ठेवलेला. टेबलाला पाच माणसं आणि एक पाय, मागं भिंतीशी दोघांचे वकील, अशी बैठक.

विमलबाईंनी तास-दीड तास दोघांना समजावलं. भुजंग छताकडं बघत होता, मीना टेबलाकडं. शेवटी गोजरबाई बोलली. ती सत्तरीची, अंगानं काटकुळी, आणि पोराच्या तापट स्वभावाबद्दल जणू हवामानाबद्दल बोलावं तसं बोलणारी. तिचं म्हणणं इतकंच, की पोरीचं पाचवं वर्ष चालू आहे, ते वैशाखात संपतं. सम वर्षात जावळ निघत नाही. सातव्या वर्षापर्यंत आपण जगतो की नाही याची खात्री नाही, आणि देवीचं देणं डोक्यावर ठेवून मरायचं नाही. जावळ काढून द्या. भुजंग अर्ज मागं घेईल, पोरगी आईकडं राहील. घ्यायला-द्यायला मी स्वतः येईन, हा येणार नाही. भुजंगानं छतावरची नजर काढली नाही, म्हणजे हे घरी आधीच ठरलेलं होतं.

विमलबाईंना हे फारच सोपं वाटलं. त्यांनी विचारलं, मग अडचण काय आहे?

 गोजरबाईनं पदर सारखा केला.

"मामा लागतोय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जावळ मामाच्या मांडीवर बसूनच निघतंय, बाई. मामाच्या मांडीबिगर न्हाई निघत."

मग खोलीतल्या सगळ्यांनी खुर्चीवर ठेवलेल्या त्या पायाकडं बघितलं. पंखा फिरत होता. एखादा चुलतमामा चालणार नाही का, असं विमलबाईंनी विचारून पाहिलं. सख्खा मामा जिता असताना दुसऱ्याची मांडी देवीला चालत नाही, असं गोजरबाईनं सांगितलं. विमलबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि भुजंगाकडं वळून त्याला अगदी साध्या आवाजात विचारलं, की पायावर मारताना हे तुमच्या लक्षात नव्हतं का?

भुजंगानं खरंच आठवून बघितलं. "त्या टायमाला ध्यानात न्हाई आलं," तो म्हणाला. त्याच्या वकिलानं जोरात खोकून घेतलं.

दहा मिनिटं बाहेर विचार करायला दिली. व्हरांड्यात मीना भिंतीला टेकून उभी राहिली.

"मी तुला जा म्हणनार न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या दारात तू बसायचं, हे मला बघवनार न्हाई. पर गंधू माझ्यापशी राह्यली पाह्यजे. मला दुसरं काहीच न्हाई पाह्यजे."

"जातो की," अंगद म्हणाला.

तो इतक्या जल्दी हो म्हणाला, की मीनानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. भावाच्या तोंडावर समाधान होतं, आणि ते तिला आवडलं नाही.

आत विमलबाईंनी कलमं लिहायला घेतली. तिसऱ्या कलमात, 'मुलीच्या मामांनी आपली मांडी उपलब्ध करून द्यावी' असं लिहून झालं. मग त्यांनी ते स्वतःच वाचलं, खोडलं, आणि 'मामांनी विधीस उपस्थित राहावे' असं केलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या. गोजरबाईनं अंगठा दिला.

मामानं भाचीला कपडे न्यायचे असतात. अंगदनं पिवळ्या कापडाचा फ्रॉक शिवला, आणि बोडक्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून त्याच कापडाची गोल टोपी. गंधालीला मशीनवर बसवून फीत लावून माप घेतलं. मग दहा इंची कात्री धारवाल्याकडून लावून आणली आणि पिशवीत तळाशी घातली, तिच्यावर बटणांची डबी, वर फ्रॉक, सगळ्यांत वर टोपी.

चैत्रातल्या मंगळवारी जीप न्यायला आली. चालवायला भुजंगाचा कोणी चुलतभाऊ होता. अंगदला पाय लांब करता यावा म्हणून पुढं बसवलं. बसताना त्याची टाच सीटखाली कशाला तरी लागली आणि लोखंड वाजलं. जुनी टॉमी पोलिसांनी जप्त केली होती, म्हणून भुजंगानं नवी आणली होती. जीप आहे म्हटल्यावर लागतेच. भोकरदनच्या बसस्टँडवरून गाडी गेली तेव्हा मागं बसलेल्या गंधालीनं सवयीनं डबा उचलून उतरायची तयारी केली. मीनानं तिला हाताला धरून परत बसवलं.

विधी मळ्यात होता, घरापुढच्या लिंबाखाली. पन्नासेक माणूस. हे पोचले तेव्हा भुजंग गोठ्याच्या कडेला बोकड कापत होता. हे काम तो कसायाला देत नसे. बनियन आणि हात कोपरापर्यंत लाल, सत्तूर खाली येत होता आणि हाडाचा आवाज होत होता. अंगदच्या मांडीत तो आवाज कानांच्या आधी पोचला. भुजंगानं वर बघितलं, सत्तूर लाकडात रोवला आणि हात धुवायला गेला. थोड्या वेळानं आला तो सफारी घालून. कॉलर अजून ताठ होती.

गावचे रखमाजी न्हावी पाटासमोर पाणी, वस्तरा आणि कात्री मांडून बसले होते. गोजरबाईनं अंगदला हळदकुंकू लावलं, टोपी-टॉवेल दिला, "बसा मामा," म्हणाली. आणि इथून खरी अडचण सुरू झाली.

दोघांनी काखेत धरून त्याला पाटावर बसवलं. डावा पाय दुमडला. उजवा समोर ताठ. तिथं मांडी अशी नव्हतीच, एक उतार होता. गंधालीला बसवलं, ती घसरून पाटाच्या कडेला आली. पुन्हा बसवलं, पुन्हा घसरली. तिला त्याचा खेळ वाटायला लागला. कोणी खुर्ची आणा म्हणालं. मामा जमिनीवर पाहिजे, गोजरबाई म्हणाली. पायाखाली वीट ठेवली, ती कलंडली आणि अंगदच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मिरच्यांचं पोतं आणून खाली दिलं, तेव्हा पाय फारच वर गेला, आणि पोतं झटकलं गेल्यामुळं पहिल्या दोन रांगा शिंकायला लागल्या.

रखमाजींनी वस्तरा मिटवला. "पोरगी घसरून राह्यली," ते म्हणाले. "वस्तरा लागंल. मी हात न्हाई लावायचा. पाय कोनीतरी बराबर तोलून धरा."

पन्नास माणसांनी पन्नास ठिकाणी बघायला सुरुवात केली. ज्याचं त्याला कळत होतं की हा पाय कोणाचं काम आहे. गोजरबाई पोरासमोर जाऊन उभी राहिली.

"धर," ती म्हणाली.

भुजंग जागचा हलला नाही. त्याच्या मानेची शीर फुगली, आणि ती बघितल्यावर मीनाचा हात आपोआप तोंडावर गेला. ती शीर तिच्या ओळखीची होती.

"धरतोस का मी धरू?" म्हातारी म्हणाली.

भुजंग खाली बसला. त्यानं गुडघे टेकले, अंगदची पोटरी दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि हात खालून लावून धरली. मांडी सपाट झाली. गंधाली तिच्यावर नीट बसली. दोन माणसांमधे आता एका हाताचं अंतर होतं.

रखमाजी म्हणाले, पहिली बट मामानं कापायची. त्यांनी आपली छोटी कात्री पुढं केली.

"माझी आनलीय," अंगद म्हणाला.

त्यानं पिशवीत हात घातला. टोपी बाजूला, फ्रॉक बाजूला, डबी बाजूला. दहा इंची कात्री उन्हात आली. मीना उभी राहिली. ती काही बोलली नाही, कारण बोललं तर सगळ्यांना कळलं असतं. बाकीच्यांना वाटलं, टेलर माणूस आहे, स्वतःची आणली असेल.

भुजंगाला कळलं. त्यानं कात्रीकडं बघितलं, मग अंगदच्या डोळ्यांकडं. हात सोडले तर पाय पडला असता आणि पायाबरोबर पोरगी, समोर पाटाच्या कडेला उघड्या असलेल्या वस्तऱ्याच्या पेटीवर. त्यानं हात सोडले नाहीत. बोटं जास्त घट्ट झाली एवढंच.

अंगदची नजर सफारीवरून खाली आली. पहिलं बटण. दुसरं बटण. तिसरं नव्हतं. तिथं एक गंजकी सेफ्टी पिन लावलेली होती, वाकडी, कापड गोळा करून कशीबशी खुपसलेली. बाईमाणसाच्या हातची नव्हती. म्हातारीला सुईत दोरा दिसत नसणार. नऊ महिने ज्या बटणाच्या आधारानं तो झोपला, ते कधीचंच कुठंतरी पडून गेलं होतं आणि घरात ते लावणारं कोणी नव्हतं.

"पप्पा," गंधाली म्हणाली, "बराबर धरा. मामाचा पाय मोडलेला हाये."

भुजंगानं मान हलवली.

"तुमीच मोडलाय न्हाई का? बसस्टँडवर."

 चुलीवर रस्सा उकळत होता. पहिल्या रांगेत भुजंगाचे कोर्टातले साक्षीदार बसले होते, अंगदला जीपच्या पायरीवरून घसरताना प्रत्यक्ष बघितलेले. ते आपल्या नखांकडं बघायला लागले.  भुजंगाच्या कपाळावरून घाम येऊन फुटलेल्या भुवईच्या खाचेत थांबला. पुसायला हात मोकळा नव्हता.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"मंग नीट धरा ना."

अंगदनं कात्री उघडली. दहा इंची पाती उघडताना आवाज होतो. ती पुढं गेली, गंधालीच्या कानावरची एक बट दोन बोटांत आली आणि कात्री मिटली. बट सरळ कापली गेली, सवयीनं. त्यानं ती परातीत टाकली. मग डबी उघडली, आषाढातले ते दोन बोटं केस काढले आणि गोजरबाईच्या हातावर ठेवले. "हे आदीचे," तो म्हणाला. म्हातारीनं ते डोळ्यांजवळ नेले, एकही फेकला नव्हता हे बघितलं आणि परातीत बाकीच्यांत मिसळून टाकले.

रखमाजींनी वस्तरा चालवला. गंधाली एकदाही हलली नाही. तिला बापावर लक्ष ठेवायचं होतं.

डोकं गोटा झालं, हळद लावली, आंघोळ झाली, पिवळा फ्रॉक बरोबर बसला. मग मीनानं टोपी घातली, आणि टोपी सरळ नाकापर्यंत खाली आली. माप केसांसकट घेतलेलं होतं. इतकी वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

"मामा, दिसत न्हाई," टोपीच्या आतून गंधाली म्हणाली.

बायका हसल्या. अंगद पाटावरच बसून होता. उठवायला दोघं लागायचे आणि ते दोघं पानं मांडायला गेले होते. त्यानं पोरीला जवळ घेतलं, टोपी काढली, सदऱ्याच्या पट्टीला खोचलेली सुई काढली आणि कडेनं दोन चुण्या घ्यायला लागला. टाका बारीक, एकसारखा. शेवटी त्या एवढ्याशा दोऱ्याला दहा इंची कात्री लावून त्यानं तो तोडला. टोपी आता भुवयांच्या वर बसली. गंधालीनं मान फिरवून झाड, चूल, आई, आज्जी असं सगळं एकेक बघून घेतलं आणि डबा शोधायला पळाली.

पहिली पंगत बसली. कोणीतरी वाढताना आग्रह करत होतं. लिंबाची सावली पाटावरून सरकून भुजंगाच्या पाठीवर ऊन आलं होतं. त्याच्या मांडीवर अंगदचा पाय तसाच होता, दोन्ही हातांनी खालून धरलेला. खाली ठेव, असं त्याला कोणी म्हणालं नव्हतं.